तुझं किट मी कुणाला देणार नाहीये

पोरी,

रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला, "काका मी उद्यापासून येत नाही, किट कुणालातरी देऊन टाका." मी जागाच होतो. लगेच उत्तर दिलं नाही कारण तेव्हा दिलं असतं तर रागात दिलं असतं. आता साडेपाच वाजलेत, चहा झालाय, राग अर्धा उतरलाय, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

तू गुणी आहेस, कष्टाळू आहेस वगैरे मी लिहिणार नाही, ते तुलाही माहितीये आणि मलाही. मी रविवारी क्रिकेटच्या नेटमध्ये जे बघितलं ते सांगतो. तू रनअपच्या खुणेवर उभी होतीस आणि बुटाची नाडी बांधत होतीस. नाडी सुटलेली नव्हती. असं तू तीनदा केलंस. चौथ्यांदा आलीस, हात वर गेला आणि बॉल सुटलाच नाही वेळेवर, साइड नेटला जाऊन आदळला, पुढचा बॅट्समनच्या डोक्यावरून गेला. बाकीची पोरं दुसरीकडे बघायला लागली. ते दुसरीकडे बघणं काय असतं मला ठाऊक आहे, मी ते एकवीस वर्षांचा असताना अंगावर घेतलंय.

तुला काय झालंय त्याला यिप्स म्हणतात. वर्षानुवर्षं हजारो वेळा केलेली साधी गोष्ट हात एक दिवस विसरतो, किंवा डोकं हाताच्या मध्ये येतं. हे फक्त तुलाच झालेलं नाही. २००१ साली लॉर्ड्सवर, वनडे कपाच्या फायनलला, स्कॉट बॉसवेल नावाच्या इंग्लिश काउंटी बोलरने चौदा बॉलची ओव्हर टाकली, वाइडवर वाइड. तोही तुझ्यासारखा निवडून आलेला, सेमी फायनल गाजवलेला माणूस होता.

पण मला तुला दुसऱ्याच एका माणसाबद्दल सांगायचंय. बेसबॉलवाला आहे, नाक मुरडू नकोस, ऐक. रिक अँकील. अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सचा पोरगा, डावखुरा पिचर, म्हणजे त्यांचा बोलर. शाळेतून निघाला तसा १९९७ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या टीमने घेतला, सहीचे पंचवीस लाख डॉलर. विसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. २००० च्या सीझनला ११ मॅच जिंकला, १७५ इनिंगमध्ये (त्यांची इनिंग म्हणजे समोरच्यांचे तीन आउट, एका मॅचला अशा नऊ) १९४ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटला नीट लागूच न देता आउट. त्याचा कर्व्हबॉल असा पडायचा की समोरच्याचे गुडघेच वाकायचे. आता पुढची वीस वर्षं याचीच, असं सगळे म्हणत होते.

मग ३ ऑक्टोबर २०००. प्लेऑफची पहिली मॅच, समोर अटलांटा, आणि अटलांटाकडून नावाजलेला पिचर ग्रेग मॅडक्स. पहिल्याच इनिंगला कार्डिनल्सने सहा रन काढले, म्हणजे दडपण होतं म्हणावं तर टीम सहाने पुढे होती. दोन इनिंग नीट टाकल्या. तिसऱ्या इनिंगला एक बॉल हातातून भलतीकडेच गेला. मग दुसरा, तिसरा. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरलाही, त्यांच्या कीपरलाही, अडवता येणार नाही असे. मेजर लीगमध्ये असं याआधी १८९० मध्ये झालं होतं, एकशे दहा वर्षांपूर्वी. घरच्या मैदानावर, भरलेल्या स्टेडियमसमोर, एकवीस वर्षांचा पोरगा. आपली पीच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, त्यांचं अंतर साठ फूट सहा इंच. म्हणजे त्याच्या आणि कॅचरच्या मध्ये साधारण तेवढंच अंतर होतं जेवढं तुझ्या आणि स्टंप्सच्या मध्ये आहे.

का झालं? लोकांनी ढीगभर कारणं शोधली. नेहमीचा कॅचर मॅथिनी याने वाढदिवसाला मिळालेल्या शिकारीच्या चाकूने स्वतःचा हात कापून घेतला होता त्यामुळे मागे दुसराच कॅचर होता, वडील त्याच वर्षी ड्रग्जच्या केसमध्ये तुरुंगात गेले होते, वय लहान होतं. खरी असतील. पण त्यातलं एकही कारण कळल्याने त्याचा बॉल सरळ गेला नाही. तूही गेले चार महिने तेच करतेयस, मनगट, ग्रिप, नवा बॉल, सिलेक्टर बघत होते, तुझी आई म्हणते नजर लागली. बास झालं आता. कारण सापडलं तरी हात तोच राहणार आहे.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि या पत्रात ती चार वेळा सांगणार आहे, तू कंटाळलीस तरी. जागा सोड, मैदान सोडू नकोस.

अँकीलने आधी जागा सोडली नाही, हे नीट बघ. साडेचार वर्षं तो पिचरच राहिला. हार्वी डॉर्फमन नावाचा त्या काळातला बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मानसशास्त्रज्ञ त्याच्यासोबत बसला. श्वासाचे व्यायाम, डोळे मिटून चित्र बघणं, सगळं झालं. २००१ च्या सीझनमधल्या पहिल्या मॅचआधी तो व्होडका पिऊन उतरला, हे त्यानेच नंतर सांगितलंय. आणि ती मॅच तो जिंकला! समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर असताना. मला वाटतं ते जिंकणंच त्याला सगळ्यात महागात पडलं, कारण मग पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं आणि तेव्हा काही उपयोग झाला नाही. तिथून ट्रिपल ए ला, मेजरच्या एक पायरी खालच्या लीगला, पाठवलं, तिथे साडेचार इनिंगसुद्धा धड नाही, त्यात १७ वॉक, म्हणजे भरकटलेल्या बॉलांमुळे बॅट्समनला फुकट पुढे सोडणं, आणि १२ वाइल्ड पिच. तिथून थेट तळाला, टेनेसीतल्या जॉन्सन सिटीला, जिथे नुकती शाळा सुटलेली पोरं खेळतात. तिथे मात्र तो चांगलं टाकायला लागला, आणि ज्या दिवशी टाकायचं नसेल त्या दिवशी बॅटिंग करायचा. दहा होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे थेट बाहेर, मारले त्याने तिथे. त्याची बॅट तेव्हाच बोलत होती, पण कुणी ऐकत नव्हतं, तो स्वतःही नाही. कारण तो पिचर होता ना.

इथे मी जरा माझं सांगतो, नाही सांगितलं तर पुढचं तुला उपदेश वाटेल.

१९९१. मी पुण्यात क्लबकडून खेळायचो, तुझ्यासारखाच डावखुरा स्पिनर. एका लीग मॅचला तिसऱ्या ओव्हरमध्ये माझा हात अडकला. बॉल बोटांतून सुटेनाच, आणि सुटला तो थेट शॉर्ट लेगच्या पायावर. कॅप्टनने ओव्हर कशीबशी पूर्ण करून घेतली. पुढच्या तीन मॅच तेच. मग आमचे सर, फार कमी बोलायचे, एकदा संध्याकाळी मॅटिंग गुंडाळताना म्हणाले, "तुझी बॅट बरी आहे, कव्हरला फिल्डिंग चांगली करतोस, सहाला ये बॅटिंगला, बोलिंगचं पुढे बघू." बस, इतकंच. आणि मला काय वाटलं माहितीये? अपमान. मी बोलर आहे, मला बोलर म्हणून ओळखतात, सहाव्या नंबरला येऊन कव्हरला उभा राहू? मी किट माळ्यावर टाकलं आणि परत गेलो नाही.

तू म्हणशील काका तुमची परिस्थिती वेगळी होती, आणि होतीच. वडिलांची कंपनी बंद पडलेली, धाकटी बहीण शिकत होती, मला इंजिनिअरिंग पूर्ण करून पगार आणायचा होता. घर सावरलं मी, त्याचा मला पश्चात्ताप नाही आणि कुणी त्याबद्दल मला बोललेलं मी ऐकून घेत नाही. पण रविवारच्या मॅचला पगार आडवा येत नव्हता. रविवार मोकळा होता. सोळा वर्षं माझे रविवार मोकळे होते. मी मैदानासमोरून स्कूटर नेणं टाळायचो, लांबच्या रस्त्याने जायचो, बायकोला कधी कळलं नाही आपण नेहमी असं वळसा घालून का जातो. हे सगळं एका शब्दासाठी, बोलर.

मग २००७ मध्ये ऑफिसच्या कामाने सेंट लुईसला होतो, दोन वर्षं. बेसबॉल मला ओ की ठो कळत नव्हता. ऑफिसमधला एक जण म्हणाला आज चल, आज अँकील परत येतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की मी गेलो. वाटेत गाडीत त्याने मला सगळी स्टोरी सांगितली. की २००३ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, २००४ च्या सप्टेंबरला तो परत आला, दहा इनिंग टाकल्या आणि त्यात फक्त एक वॉक. म्हणजे बरा झाला होता तो, कागदावर तरी. आणि तरी ९ मार्च २००५ ला त्याने जाहीर केलं, पिचिंग बंद, आता मी आउटफिल्डर.

यावर मी खूप विचार केलाय. जमत नव्हतं म्हणून सोडलं असं नाहीये ते. जमत होतं, पण प्रत्येक बॉलला आतून जी किंमत मोजावी लागत होती ती त्याला परवडत नव्हती. पंचवीस वर्षांचा होता. आउटफिल्डर म्हणजे आपल्याकडे डीपला, लाँगऑनला उभे असतात तसे, मागे, मोकळ्या गवतावर. आणि अर्थात बॅटिंग, रोज, मेजर लीगच्या बोलिंगसमोर, जी पोरं आयुष्यभर करत आलेली असतात ती हा पंचविसाव्या वर्षी नव्याने शिकणार. परत खालच्या लीगमध्ये गेला, आयोवात, बसचा प्रवास, त्याच्याहून लहान पोरं. त्या वर्षी २१ होमरन मारले. पुढचं अख्खं वर्ष गुडघ्याने खाल्लं, २००६ मध्ये एकही मॅच नाही. २००७ ला मेम्फिसमध्ये ३२ होमरन, आणि मग तो ९ ऑगस्ट, मी स्टेडियमला गेलो तो.

तो मैदानात आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. पिचर असताना त्याच्या पाठीवर ६६ नंबर असायचा, आता २४ होता. मी पण उभा राहिलो, का ते न कळता. आधीच्या खेपांना त्याला काही जमलं नाही. सातव्या इनिंगला, समोर सॅन डिएगोचा पिचर ब्रोकेल, दोन जण बेसवर, म्हणजे रन पूर्ण करायच्या वाटेवर, आणि याने तो बॉल उजव्या बाजूला स्टँडमध्ये भिरकावला. तीन रन. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते टोपी तोंडावर धरून रडत होते. कार्डिनल्सचा मॅनेजर ला रुसा डगआउटमध्ये लहान मुलासारखा टाळ्या वाजवत हसत होता. मी सदतीस वर्षांचा होतो आणि मला माळ्यावरचं किट आठवलं. सरांचं मॅटिंग गुंडाळणं आठवलं. मी त्या रात्री घरी जाऊन जेवलो नाही.

जागा सोड, मैदान सोडू नकोस. दुसऱ्यांदा झालं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. ६ मे २००८, डेन्वर, कोलोरॅडोविरुद्ध मॅच. अँकील सेंटर फिल्डला. पहिल्याच इनिंगला तावेरास नावाचा जबरदस्त पळणारा गडी तिसऱ्या बेसकडे निघाला. अँकीलने मागून बॉल उचलला आणि फेकला, जवळपास तीनशे फूट, एकही टप्पा न पडता, थेट तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हजमध्ये. आउट. आठव्या इनिंगला पुन्हा तेच, किंतानिया नावाचा दुसरा गडी, पुन्हा टप्पा नाही, पुन्हा थेट ग्लोव्हजमध्ये. डेन्वर उंचावर आहे, हवा विरळ, तिथे बॉल लांब जातो हे मला माहितीये, पण विरळ हवा बॉलला दिशा देत नाही. हा तोच हात. साठ फुटांवरचा कॅचर ज्या हाताला सापडत नव्हता, त्याच हाताने तीनशे फुटांवरून एका माणसाच्या ग्लोव्हजमध्ये बॉल ठेवला. एकाच मॅचमध्ये दोनदा.

हात गेला नव्हता पोरी. हात कधीच गेला नव्हता.

आता रविवारचं पुढचं ऐक, जे तुला आठवतसुद्धा नसेल. नेट संपल्यावर मॅच सिम्युलेशन घेतलं, तू डीप मिडविकेटला उभी होतीस कारण तुला सगळ्यांपासून लांब उभं राहायचं होतं. बॉल तुझ्या उजवीकडून गेला, तू पळालीस, बाउंड्रीच्या दोन फूट अलीकडे उचललास, वळलीस आणि फेकलास. पंचावन्न-साठ मीटर असेल. कीपरने ग्लोव्हज हलवले नाहीत, स्टंप्सच्या वर धरले होते तिथेच बॉल आला. नाडी बांधली नाहीस तू. ग्रिप बघितली नाहीस. श्वास मोजला नाहीस. तोच डावा हात, ज्याने वीस मिनिटांपूर्वी साइड नेट फाडलं होतं. मी अंपायरच्या जागी उभा होतो, माझ्या कानाशेजारून गेला तो बॉल, आवाज ऐकलाय मी त्याचा. आणि तू खाली मान घालून परत तुझ्या जागेवर गेलीस जणू काही झालंच नाही, कारण तुझ्या डोक्यात तू बोलर आहेस आणि थ्रो म्हणजे काय, तो कुणीही करतं. नाही गं. तसा कुणीही करत नाही. माझ्याकडे बत्तीस पोरंपोरी येतात, तसा थ्रो त्यातल्या एकाचाही नाही.

म्हणून मला राग आला दीड वाजता. तुझ्याकडे जे शिल्लक आहे ते तू मोजतच नाहीयेस.

तुझ्या घरचे म्हणतील बोलिंग सोडली म्हणजे हरली. तू पण तेच म्हणशील. बेसबॉलमध्येच अजून एक बघ, स्टीव्ह ब्लास, पिट्सबर्गचा पिचर, १९७२ मध्ये १९ मॅच जिंकला, पुढच्या वर्षी ८८ इनिंगमध्ये ८४ वॉक, संपलं. तो पुढे कितीतरी वर्षं त्याच टीमच्या कॉमेंट्रीला बसला. न्यूयॉर्कचा नॉब्लॉक, सेकंड बेसवरून फर्स्ट बेसला टाकायचा साधा थ्रो त्याला जमेना, २००१ ला त्याला लेफ्ट फिल्डला नेला आणि तो खेळत राहिला. आपल्याकडे रवी शास्त्रीचं उदाहरण सगळे देतात, १९८१ ला वेलिंग्टनला डावखुरा स्पिनर म्हणून उतरला, दहाव्या नंबरला बॅटिंग, आणि १९९२ मध्ये सिडनीला ओपनर म्हणून २०६. पण त्याचं काही मोडलं नव्हतं, तो वर चढत गेला, म्हणून ते उदाहरण मला तुझ्यासाठी पूर्ण पटत नाही. मोडल्यावर जागा बदलायला वेगळी हिंमत लागते. तिथे लोक बघत असतात.

आणि मी तुला गोड गोष्ट विकत नाहीये. अँकील महान आउटफिल्डर झाला नाही. २००८ ला २५ होमरन मारले तेच त्याचं सगळ्यात मोठं वर्ष. परत आल्यावर महिन्याभरात पेपरात आलं की ऑपरेशननंतर २००४ मध्ये त्याने ग्रोथ हार्मोन, काही खेळाडू ताकदीसाठी चोरून घेतात ते औषध, घेतलं होतं, तो म्हणाला डॉक्टरांनी दिलं होतं, लीगने चौकशी केली, कारवाई झाली नाही, पण त्या गोष्टीने लोकांच्या आनंदाला गालबोट लागलं. २००९ च्या मेमध्ये कॅच घेताना भिंतीवर तोंडावर आदळला, स्ट्रेचरवरून नेला. मग कॅन्सस सिटी, अटलांटा, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, न्यूयॉर्क, टीम बदलत राहिला, २०१४ मध्ये थांबला. एकूण ७६ होमरन, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२४०. हॉल ऑफ फेमवाल्यांचे असे आकडे नसतात.

पण २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, बरोबर दहा वर्षांनी, प्लेऑफमध्ये अटलांटाकडून, हो त्याच अटलांटाकडून, अकराव्या इनिंगला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने बॉल स्टेडियमबाहेर खाडीच्या पाण्यात मारला आणि मॅच जिंकून दिली. पोस्टसीझनमध्ये पिचर म्हणून मॅच सुरू केलेली आणि बॅट्समन म्हणून होमरनही मारलेला, असा त्याच्या आधी फक्त बेब रूथ, बेसबॉलमधला दंतकथा झालेला माणूस. ती रात्र त्याला कशी मिळाली? २००५ च्या मार्चमध्ये त्याने किट कुणाला दिलं नाही म्हणून मिळाली.

मी सेंट लुईसहून परत आलो ते २००९ मध्ये. माळ्यावरून किट काढलं, पॅडच्या आत उंदरांनी घर केलं होतं. ऑफिसच्या टीममध्ये कीपर म्हणून उभा राहिलो, एकोणचाळिसाव्या वर्षी, कधी आयुष्यात कीपिंग न केलेला माणूस. अठरा वर्षं वाया घालवली मी पोरी, अठरा. आज तुमच्याकडे येऊन बोंबलतो ते त्यातूनच आलंय. काही पालक म्हणतात काका फार हट्टी आहेत, पोरांना सोडत नाहीत. हो, नाही सोडत. मला वेळेवर कुणी धरून ठेवलं नाही, म्हणजे सरांनी प्रयत्न केला, मीच हात सोडवला, ते तेव्हाही बरोबर होते आणि ते गेले तेव्हा मी त्यांना हे सांगायला पोचलो नाही.

तर जागा सोड, मैदान सोडू नकोस. तिसऱ्यांदा.

बोलिंग कायमची गेली असं मी म्हणत नाही. येईल कदाचित, एखाद्या दिवशी तू विसरलेली असताना. पण तिची वाट बघत नेटमध्ये उभं राहायचं नाही. सहा महिने बॉल टाकायचा नाही, कुणी कितीही म्हणलं तरी, सिलेक्शनवाल्यांना मी बोलेन. रोज शंभर थ्रो, पन्नास डीपमधून, पन्नास पळत्यावर एका स्टंपवर. बॅटिंग खालपासून, टेनिस बॉलने, मी टाकेन, आणि तू पहिले दोन महिने वाईट खेळशील, तुझ्याहून लहान पोरी तुझ्यापुढे खेळतील, तुला सहाला पाठवीन, कदाचित आठला. त्या दिवशी तुला जे वाटेल ना, अपमान, तो आला की मला फोन कर. मला त्याची चव माहितीये, आपण बोलू. पण घरी बसून गिळू नकोस, मी गिळला आणि तो अठरा वर्षं पचला नाही.

आईला सांग नजर उतरवायची असेल तर उतरवा, मिरच्या वाया जाणार नाहीत, पण शनिवारी हिला लवकर झोपवा.

किट इथेच आहे, माझ्या स्टोअररूममध्ये, तुझ्या नावाची पट्टी तशीच आहे, काल रात्रीच बघून आलो. बॉलची पिशवी मी काढून ठेवलीय, ती मागू नकोस. चौथ्यांदा सांगायचं राहिलं ते तोंडाने सांगेन. रविवारी सव्वासहाला ये, बाकीच्यांच्या आधी, आणि स्पाइक्स घालूनच ये, डीपला त्या वेळी गवत ओलं असतं.

काका